टाकी गेली

आजोबा रात्रपाळीवरून आले, बुटांचे बंद न सोडता तसेच खुर्चीत बसून राहिले आणि चहाला नको म्हणाले, की आजी ओळखायची, टाकी गेली. त्या दिवशी त्यांच्या वाटेला कोणी जायचं नाही. टाकी गेली म्हणजे फुटली नाही, गळलीही नाही. टाकी जागच्या जागी, आतलं पाणी जिथल्या तिथे. फक्त त्यातलं पेनिसिलीन नाहीसं झालेलं असायचं.

हे सगळं ऐकीव आहे. माझा जन्म झाला तेव्हा आजोबा निवृत्तीला टेकले होते, आणि पुढे कारखान्यापेक्षा कुंडीतल्या गुलाबांवर बोलायला त्यांना जास्त आवडायचं. पण त्यांची धाकटी बहीण मुंबईहून राहायला आली की जुन्या पाळ्यांचा विषय निघायचाच. ही बहीण नर्स. मुंबईतल्या महापालिकेच्या एका रुग्णालयात तिची सगळी नोकरी गेली. घरातले लहानथोर तिला सिस्टरच म्हणत. आम्हा नातवंडांची ती सिस्टरआजी. भाऊ औषध तयार करणारा, बहीण ते टोचणारी, आणि दोघांच्या मधे बसून ‘तुमच्या औषधाआधी माणसं कशी जायची ते मला विचारा’ असं बजावणारी आजी. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंचा इतिहास मी पहिल्यांदा ऐकला तो या तिघांकडून, पोहे खाता खाता. तो इतिहास आहे हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ सालची. सरकारी मालकीची देशातली ही पहिली औषध कंपनी. यंत्रसामग्रीला मदत युनिसेफची, तंत्रज्ञानाला जागतिक आरोग्य संघटनेची. १९५५ मध्ये तिथे पेनिसिलीन निघू लागलं. लोक ‘पेनिसिलीन फॅक्टरी’ म्हणायचे, पुढे नुसतं ‘एचए’. आजोबा बी.एस्सी. होऊन मास्तरकी करत होते, ती सोडून ते तिथे फर्मेंटेशनला लागले.

त्यांच्या सांगण्यातली टाकी अशी असायची : पोलादी, दोन मजले उंच, वर चढायला लोखंडी जिना. आत मका भिजवून उरलेलं पाणी, दुधातली साखर, क्षार आणि त्यात सोडलेली पेनिसिलियमची बुरशी. मधोमध घुसळणी अखंड फिरती, आणि तळातून सोडलेली, गाळून निर्जंतुक केलेली हवा. बुरशी आधी भराभर वाढते, मग तिचं चांगलंचुंगलं खाणं संपत आलं की पेनिसिलीन सोडायला लागते. काही दिवसांचा तो सगळा कारभार. या बुरशीचं कूळही मजेशीर. अमेरिकेतल्या पिओरिया गावच्या बाजारात १९४३ साली एक बुरसटलेलं खरबूज सापडलं, आणि जगभरच्या कारखान्यांतलं पेनिसिलीन बहुतांशी त्या खरबुजावरच्या बुरशीच्या वंशजांनी केलेलं आहे. आजोबा खरबूज चिरताना हे हटकून सांगायचे आणि आजी हटकून म्हणायची, “आता खाऊ द्या मेलं सुखानं.”

तर, अशा टाकीत झडपेच्या फटीतून किंवा हवेच्या गाळणीतून एखादा परका जंतू शिरला की संपलं. त्याला पेनिसिलीनने मरायला हवं होतं, पण तो मरायचा नाही. उलट टाकीतली साखर खाऊन वाढायचा आणि असं एक विकर सोडायचा की बुरशीने केलेलं पेनिसिलीन तयार होईल तसं मोडत जायचं. वरून पाहिलं तर काही कळायचं नाही. दर काही तासांनी नमुना प्रयोगशाळेत जायचा, तिथून आकडा यायचा, आणि तो आकडा चढायचा सोडून उतरायला लागला की पाळीतल्या सगळ्यांचे चेहरे उतरायचे. मग अख्खी टाकी गटारात, वाफेने धुलाई, पुन्हा पहिल्यापासून. वरिष्ठांचा पहिला प्रश्न ठरलेला : “झडप कोणाकडे होती?”

त्या विकराचं नाव पेनिसिलिनेज. पेनिसिलीनच्या रेणूत चार अणूंची एक कडी असते आणि औषधाची सगळी ताकद त्या कडीत असते. जंतू आपल्या अंगाभोवतीची भिंत बांधत असताना ही कडी भिंत बांधणाऱ्या विकरांना जखडून टाकते. भिंत अर्धवट राहते, जंतू फुटतो. पेनिसिलिनेज ती कडीच उघडतं. उघडल्यावर उरतं ते निरुपयोगी आम्ल. पेनिसिलीन मोडणारं असं विकर जंतूंकडे असतं, हे ऑक्सफर्डमध्ये एडवर्ड अब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांनी डिसेंबर १९४० मध्ये प्रसिद्ध केलं होतं. तारीख ध्यानात घ्या. ऑक्सफर्डमध्येच अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायाला संसर्गावरचा इलाज म्हणून पेनिसिलीनचं पहिलं इंजेक्शन मिळालं ते फेब्रुवारी १९४१ मध्ये. औषध इतकं तुटपुंजं होतं की त्याच्या लघवीतून ते परत गाळून घेत होते. माणूस सुधारत होता, औषध संपलं, माणूस गेला. म्हणजे औषध पहिल्या रुग्णाच्या अंगात जायच्या आधीच त्याला मोडणारं हत्यार कागदावर नोंदलं गेलं होतं. अलेक्झांडर फ्लेमिंगनेही १९४५ च्या डिसेंबरात, नोबेल घेतल्यावरच्या भाषणात, अपुरा डोस घेऊन लोक जंतूंना शिकवून ठेवतील, असं बजावलं होतं. इशारा मिळाला नाही असं म्हणायची सोय आपल्याला नाही.

सिस्टरआजीची गोष्ट टाकीच्या दुसऱ्या टोकाची. ती वॉर्डात लागली तेव्हा पेनिसिलीन म्हणजे रबरी बुचाची कुपी, तळाशी पांढरी भुकटी. त्यात डिस्टिल्ड वॉटर सोडायचं, हलवायचं, आणि काचेच्या सिरिंजमध्ये ओढायचं. सिरिंजा उकळलेल्या, सुया दगडावर धार लावून पुन्हा वापरायच्या. ‘दहा लाखाचं’ आणि ‘चार लाखाचं’ ही इंजेक्शनांची नावं तिच्या तोंडी अशी सहज यायची की लहानपणी मला ती किमतीच वाटायच्या. युनिट होती ती. रात्री रोग्यांना उठवून उठवून टोचावं लागे, आणि ते शिव्या देत. “देऊ देत. शिव्या देणारा पेशंट जगतो,” असं तिचं निदान.

पण इंजेक्शनांपेक्षा ती बोलायची ते मेट्रनबद्दल. मेट्रन अँग्लो-इंडियन, पांढरी कडक टोपी, पायरव न करता येणारी. ती खाटेखाली बोट फिरवून बघायची. ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर चिमटा उघडा दिसला तर ट्रॉली परत. दोन रोग्यांच्या मधे हात धुतले नाहीत तर त्या मुलीची रविवारची सुटी रद्द. सिस्टरआजी सांगायची, “शस्त्रक्रियेची जखम चिघळली की मेट्रन विचारायची, ड्रेसिंग कोणी केलं? मग हळूहळू औषधं आली, एकाहून एक. मी निवृत्त व्हायच्या सुमाराला जखम चिघळली की डॉक्टर विचारायचे, कुठलं इंजेक्शन चालू आहे? वाढवा.”

मला या दोन प्रश्नांमधलं अंतर फार मोठं वाटतं. आजोबांच्या कारखान्यात टाकी गेली तर कोणी ‘बुरशी आणखी घाला’ म्हणत नव्हतं. झडप कोणाकडे होती, हेच विचारत होते.

लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात मेरी बार्बर नावाच्या जिवाणूतज्ज्ञ बाईंनी हाच प्रश्न विचारला होता. त्या रुग्णालयातल्या रोग्यांकडून मिळालेल्या स्टॅफिलोकॉकस जंतूंपैकी पेनिसिलीनला दाद न देणारे किती, हे त्या मोजत गेल्या. १९४६ च्या सुमारास शेकडा १४. दोन वर्षांत, १९४८ मध्ये, शेकडा ५९. रोग्यागणिक नवा जंतू शिकून तयार होत होता असं नव्हे; बरीचशी वाढ एकाच हट्टी वाणाची होती, आणि तो वाण एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जात होता. कशावरून? हातावरून, चादरीवरून, नाकातल्या श्वासावरून. औषध फक्त त्याच्या वाटेतले बाकीचे जंतू मारून त्याला मैदान मोकळं करून देत होतं. बार्बरबाईंचं पुढचं काम त्याहून मोलाचं, आणि त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्याच रुग्णालयात त्यांनी व सहकाऱ्यांनी पेनिसिलीनचा वापर आवळला, औषधं जोडीने द्यायला लावली, स्वच्छतेचे नियम कडक केले. आणि प्रतिरोधी जंतूंचं प्रमाण खाली आलं. १९६० मध्ये ते ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. गेलेली टाकी पुन्हा भरता येते, याचा तो पुरावा. दरम्यान १९५९ मध्ये मेथिसिलीन आलं, पेनिसिलिनेजला न मोडता येणारं. आणि १९६१ मध्ये त्यालाही न जुमानणारे जंतू इंग्लंडमध्येच सापडले. जगाने मेथिसिलीनची गोष्ट लक्षात ठेवली, बार्बरबाईंची विसरलं.

आजीचा अधिकार याहून जुना. तिच्या लहानपणी तिचा पाठचा भाऊ मुदतीच्या तापाने गेला. एकवीस दिवसांची मुदत, तोवर करायचं काय तर कपाळावर ओल्या पट्ट्या, पातळ पेज आणि वाट बघणं. तिसऱ्या आठवड्यात आतडं फाटायचं, ते त्याचं फाटलं. पुढे माझ्या वडिलांना, दोन-तीन वर्षांचे असताना, तोच ताप आला. तेव्हा क्लोरोमायसेटिन आलेलं होतं. १९४७ मध्ये व्हेनेझुएलातल्या मातीतून निघालेलं औषध, १९४८ मध्ये मलायात टायफॉइडवर गुणकारी ठरलेलं, आणि दहा-बारा वर्षांत सासवडच्या डॉक्टरांच्या कपाटात. आजीने हातातली एक पाटली मोडली. तीन-चार दिवसांत ताप उतरला. पाटलीचं तिला कधी वाईट वाटलं नाही. उलट उरलेल्या तिन्ही पाटल्या ती ‘या बाळच्या नाहीत’ म्हणून दाखवायची.

त्या औषधाचं पुढे काय झालं ते आजीला कोणी सांगितलं नाही. १९७२ मध्ये केरळात, कालिकतला, क्लोरोमायसेटिनला दाद न देणाऱ्या टायफॉइडची साथ आली. १९९० च्या दशकात देशभर टायफॉइडचे जंतू जुन्या तिन्ही मुख्य औषधांना एकदम पुरून उरले. एकदम कसे? ते जपानने आधी पाहिलं होतं. तिथे १९५० च्या दशकात हगवणीच्या रोग्यांत चार-चार औषधांना निगरगट्ट झालेले जंतू सापडले, आणि १९५९ मध्ये कळलं की हा गुण एका जंतूकडून दुसऱ्याकडे, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूकडेही, जातो. जनुकांची एक छोटी कडी असते, तिला प्लाझ्मिड म्हणतात. शेजारणीने वाटीभर विरजण द्यावं तसा एक जंतू ती दुसऱ्याला देतो. देणाऱ्याचं काही कमी होत नाही आणि घेणाऱ्याचं रात्रीत दही लागतं. एकाच प्लाझ्मिडवर चार औषधांचे तोडगे असतील तर चारही एका झटक्यात जातात.

सासवडच्या त्या दवाखान्यात कंपाउंडर होते ते आजीचे थोरले भाऊ, आमचे अण्णा. मिक्श्चरच्या बाटलीवर कागदाच्या पट्टीला खाचा पाडून डोस दाखवायचे, ते त्यांचं काम. अण्णा म्हणायचे, मिक्श्चरच्या काळात पेशंट विचारायचा, पथ्य काय? कॅप्सूल आल्यावर विचारायला लागला, सुई नाही का? आणि नंतर तर विचारणंच बंद. थेट मेडिकलवर जाऊन ‘मागच्या वेळच्या दोन द्या’. दुकानदार कात्रीने पट्टी कापून द्यायचा. त्या माणसाला नावं ठेवणं सोपं आहे. रोजावर जाणाऱ्या बाईला दोन गोळ्यांत ताप उतरला तर उरलेल्या आठांचे पैसे ती मिठामिरचीला वापरणार, यात मला तरी गुन्हा दिसत नाही. ‘कोर्स पूर्ण करा’ हे जे आपण सगळे घोकतो, त्यालाही दरवेळी भक्कम आधार नाही, असं २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्येच तज्ज्ञांनी लिहिलं. अनेक संसर्गांना थोड्या दिवसांचं औषध पुरतं, जास्त दिवस दिलं तर अंगावरच्या निरुपद्रवी जंतूंनाच जास्त शिकवणी मिळते. किती दिवस ते डॉक्टरांनी ठरवावं, आपण मनाने नाही, एवढंच खरं. आणि सर्दीला तर एकही दिवस नको.

आता वडिलांची दुसरी गोष्ट. पाटलीवर वाचलेला तो मुलगा साठी ओलांडून आतड्याच्या शस्त्रक्रियेसाठी एका मोठ्या खासगी रुग्णालयात दाखल झाला. शस्त्रक्रिया झाली उत्तम. नंतर श्वासाला त्रास म्हणून व्हेंटिलेटर लागला, मानेत सलाइनची नळी, लघवीला नळी. मग ताप. रक्त कल्चरला गेलं, आणि दोन-तीन दिवसांनी जो अहवाल आला त्यात औषधांची उभी यादी होती आणि प्रत्येकासमोर अक्षर : आर, आर, आर. म्हणजे रेझिस्टंट. यादीच्या शेवटी कोलिस्टिन, त्याच्यापुढे आय, म्हणजे इंटरमीजिएट, अधलंमधलं. अहवालाच्या नव्या पद्धतीत कोलिस्टिनपुढे ‘एस’, म्हणजे चालेल, असं लिहायची सोयच ठेवलेली नाही. त्याच्यावर इतकाच भरवसा उरला आहे. जपानमध्ये १९५० च्या सुमारास सापडलेलं, मूत्रपिंडं बिघडवतं म्हणून १९७० च्या दशकात अडगळीत टाकलेलं हे औषध. आज अतिदक्षता विभागात अडगळीतलंच काढून वापरायची वेळ आली आहे. हेच कोलिस्टिन कोंबड्यांच्या खाद्यात घातलं जात होतं; २०१९ मध्ये सरकारने त्यावर बंदी आणली.

जंतूचं नाव क्लेबसिएला न्यूमोनिए. माझी मामेबहीण एका प्रयोगशाळेत जिवाणूतज्ज्ञ आहे. वडिलांचा नव्हे, पण त्याच जातीचा जंतू तिने मला दाखवला. एका बशीत गुलाबी, बुळबुळीत, फुगीर ठिपके; सुईने उचलले तर तार धरणारे. दुसरी बशी परीक्षेची. फिकट पिवळ्या जेलीवर जंतूंचा पातळ थर, आणि त्यावर औषधात भिजवलेल्या कागदाच्या इवल्या चकत्या. औषध चालत असेल तर चकतीभोवती स्वच्छ, गोल मोकळी जागा पडते. तिची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजायची. तिने आधी एका साध्या जंतूची बशी दाखवली, त्यात मोकळी वर्तुळंच वर्तुळं. मग ही. जंतू चकत्यांच्या काठापर्यंत वाढलेले, मेरोपेनेमच्या चकतीला चिकटून. “मेरो म्हणजे आमचं राखीव दलातलं औषध,” ती म्हणाली, “आणि ही त्याची अवस्था.”

मेरोपेनेममध्येही चार अणूंची तीच कडी असते. आजोबांच्या टाकीतल्या पेनिसिलीनमध्ये होती ती. आणि ती उघडणारं या जंतूतलं, आणि वडिलांच्या जंतूतलंही, विकर होतं एनडीएम, न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज. पेनिसिलिनेजच्या कुळातलं नव्हे, जस्ताच्या अणूंवर चालणारं, निराळ्या घडणीचं. काम मात्र तेच. दिल्लीत रुग्णालयात राहून स्वीडनला परतलेल्या एका भारतीय वंशाच्या रुग्णात ते २००८ मध्ये सापडलं, २००९ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालं. ऑगस्ट २०१० मध्ये लॅन्सेटच्या संसर्गरोगांच्या मासिकात भारत, पाकिस्तान आणि ब्रिटनमधल्या रोग्यांचा मोठा अभ्यास आला आणि आपल्याकडे गहजब झाला. राजधानीचं नाव विकराला दिलं म्हणून संसदेत संताप, वैद्यकीय पर्यटनाविरुद्धचं कारस्थान वगैरे. ते नाव द्यायला नको होतं, हे मीही म्हणेन. पण त्या गदारोळात कोणाला आठवलं नाही की लॅन्सेटच्या पाच महिने आधी, मार्च २०१० मध्ये, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनीच हे आपल्या डॉक्टरांच्या मासिकात लिहिलं होतं : कार्बापेनेम गटाला, म्हणजे मेरोपेनेमच्या भावंडांना, न जुमानणारे २४ जंतू तपासले, त्यांतल्या २२ मध्ये एनडीएम. स्वतःच्या वॉर्डातली गोष्ट, स्वतःहून सांगितलेली. झडप कोणाकडे होती हा प्रश्न स्वतःलाच विचारणारी ती माणसं होती, आणि आपण नावावरून भांडत बसलो. पुढच्या वर्षी दिल्लीतल्या पाण्याच्या तपासणीचे निकाल छापून आले. साचलेल्या आणि झिरपलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये एनडीएमचं जनुक, आणि नळाच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये. म्हणजे जंतू रुग्णालयात येताना घरूनच हे जनुक घेऊन येऊ शकतो. हैदराबादजवळ पटनचेरूला औषध कारखान्यांचं सांडपाणी शुद्ध करून सोडत, त्या पाण्यात २००७ मध्ये सिप्रोफ्लॉक्सासिन सापडलं ते रोग्याच्या रक्तात असावं त्याहून कितीतरी जास्त. औषध करणाऱ्याचा नातू म्हणून हे वाचताना मला चैन पडत नाही.

वडील वाचले. कोलिस्टिन नाही द्यावं लागलं. डॉक्टरांनी दोन औषधं एकत्र चालवली, सेफ्टाझिडीम-अ‍ॅव्हिबॅक्टम आणि अ‍ॅझट्रिओनाम. अ‍ॅझट्रिओनामची कडी एनडीएमला उघडता येत नाही. ती उघडणारी दुसरी विकरं याच जंतूकडे असतात, त्यांना अ‍ॅव्हिबॅक्टम थोपवून धरतं. म्हणजे एक औषध मारायला आणि दुसरं त्याची राखण करायला. एवढ्या हुशारीने हाताशी असलेल्या औषधांतून वाट काढणाऱ्या त्या डॉक्टरीणबाईंना मी मनापासून मानतो. पण त्यांनीच सांगितलं, “काका नशीबवान. पुढच्या वर्षी हे चालेल याची मी खात्री देत नाही.” पाटली मोडून भागण्यासारखा खर्चही तो नव्हता.

सिस्टरआजी तेव्हा नव्वदीला आली होती. फोनवर मी तिला अहवाल वाचून दाखवला. एवढी अवघड नावं तिला कळत नव्हती, आणि कळून घ्यायचीही नव्हती. तिने तीन गोष्टी विचारल्या : लघवीची नळी अजून आहे का, मानेतली कधी बदलली, आणि तिथल्या मुली दोन पेशंटच्या मधे हात धुतात का? पहिल्या दोन मी सिस्टरना विचारल्या. लघवीच्या नळीची गरज संपली होती, ती त्याच संध्याकाळी निघाली. तिसऱ्यासाठी मी भेटीच्या वेळात काचेतून बघत उभा राहिलो. खाटेच्या पायथ्याशी हातावर चोळायच्या द्रवाची बाटली होती. बहुतेक वापरत होत्या. एक तरुण डॉक्टर घाईत होता, तो न वापरता दोन खाटा फिरला. कोणी त्याला टोकलं नाही. मेट्रन आता कुठेच नाही.

नवं औषध येईल आणि सुटका करेल, ही आशा मला पटत नाही. नवी औषधं यायलाच हवीत, पण पेनिसिलीनची कडी उघडायला जंतूला आपल्याआधी जमलं होतं. कॅनडाच्या युकॉनमधल्या तीस हजार वर्षं गोठलेल्या मातीत प्रतिरोधाची जनुकं सापडली आहेत. त्या बाबतीत आपण शाळेत नव्यानेच दाखल झालेले विद्यार्थी आहोत. आपल्या हातात आहे ते जंतूची वाट अडवणं. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगात थेट १२ लाख ७० हजार माणसं गेली असा अंदाज आहे, त्यांतली सुमारे तीन लाख भारतातली. १ मार्च २०१४ पासून काही राखीव प्रतिजैविकं चिठ्ठीशिवाय देऊ नयेत आणि दुकानदाराने त्यांची वही ठेवावी, असा नियम आहे. तुमच्या गल्लीतल्या मेडिकलवाल्याकडे ती वही आहे का, हे विचारून बघा. मी विचारलं तेव्हा त्याने कॅल्क्युलेटर पुढे केला.

आपलं माणूस अतिदक्षता विभागात असेल तर औषधाचं नाव विचारण्याआधी एवढं विचारा : ही नळी आज काढता येईल का? कल्चर पाठवलं का, त्याचा अहवाल कधी येणार, आणि आल्यावर एखादं औषध कमी करता येईल का? भेटायला जाताना बाटलीतला द्रव हाताला चोळा, निघतानाही चोळा. आणि समोरचा कोणी, कितीही मोठा डॉक्टर असो, हात न धुता खाटेकडे वळला, तर नम्रपणे पण स्पष्ट टोका. चांगल्या डॉक्टरांना याचा राग येत नाही. ज्यांना येतो, त्यांना येऊ द्या.